पाचवं साम्राज्य आणि कॅथरिनचा दिवस

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

जुन्या गोव्याला आपण गेला असाल तर बॉम जेझूस बॅसिलिका आणि समोरचं से कॅथेड्रल नक्कीच पाहिलं असेल. पण सेंट फ्रान्सिसच्या चर्चवरून पश्चिमेला थोडं खाली उतरलं, की जांभ्या दगडाचं एक लहानसं चॅपेल लागतं. तिथे फारसं कुणी जात नाही. हे सांत कातारीनाचं, म्हणजे सेंट कॅथरिनचं चॅपेल. तिथल्या शिलालेखात लिहिलंय, की गव्हर्नर अफोन्सो द अल्बुकर्क ज्या वेशीतून आत शिरला ती वेस इथे होती. त्याने हे शहर मुसलमानांकडून सेंट कॅथरिनच्या दिवशी, १५१० साली घेतलं. आणि तिच्या स्तुतीसाठी व स्मरणासाठी गव्हर्नर जॉर्ज काब्राल याने १५५० मध्ये ही वास्तू उभारली.

एकदा विद्यार्थ्यांना घेऊन मी तिथे गेलो होतो. वहीत टिपून घेणाऱ्या एका मुलीने विचारलं, "सर, साल आहे, पण तारीख कुठाय?" मी म्हटलं, तारीख आहे की! कॅथरिनचा सण म्हणजे २५ नोव्हेंबर. उत्तर बरोबर होतं. तरी परतीच्या वाटेवर तो प्रश्न डोक्यातून जाईना. लिहिणाऱ्याला आकडा माहीत नव्हता असं थोडंच आहे? त्याला सणच लिहायचा होता.

आपल्याकडेही दिवसाला महत्त्व आहे. विजयादशमीला सीमोल्लंघन करायचं, अक्षय्य तृतीयेला नवं काम धरायचं. पण मुहूर्त आपण आधी पाहतो आणि मग काम करतो. पोर्तुगीजांची रीत उलटी होती. काम आधी व्हायचं आणि मग ते कोणत्या संताच्या दिवशी झालं हे पाहिलं जायचं. त्यावरून देवाचं मत काय होतं ते कळलं, असं समजायचं. अल्बुकर्कने गोवा आधी एकदा घेतलाच होता, त्याच वर्षीच्या वसंतात. मे महिन्यात आदिलशाही फौजेने त्याला हुसकून लावलं आणि पावसाळ्यात तो मांडवीच्या मुखाशी जहाजांवर उपासमारीत अडकून पडला. त्या पहिल्या विजयाचं चॅपेल नाही. टिकला तो नोव्हेंबरचा विजय, म्हणून कॅथरिन गोव्याची झाली. कॅथेड्रल तिच्या नावाचं झालं आणि शहराच्या पोर्तुगीजकालीन मानचिन्हात तिच्या हौतात्म्याचं चाक आलं.

शिलालेखात नाही ते अल्बुकर्कच्या पत्रात आहे. २२ डिसेंबर १५१० रोजी त्याने राजा मानुएलला लिहिलं, की चार दिवस आपल्या माणसांनी शहरात कत्तल चालवली आणि सुमारे सहा हजार मुसलमान, बाया आणि पोरांसकट, मारले. या पत्रात कुठेही खंत नाही. उलट देवाने आपल्याला मोठी मदत केली असाच सूर आहे. सण दगडावर कोरला गेला आणि ते चार दिवस लिस्बनच्या दप्तरात राहिले.

हे केवळ एका क्रूर सरदाराचं मन होतं असं समजू नका. त्यामागे एक पक्की समजूत होती, की जगाचा इतिहास शेवटाकडे चालला आहे आणि त्या शेवटात पोर्तुगालचं काम ठरलेलं आहे. मानुएलच्या नावातच त्याच्या दरबाऱ्यांना 'इम्मानुएल' म्हणजे 'आम्हांबरोबर देव' ऐकू येई. पूर्वेकडून तांबड्या समुद्रात शिरायचं, मामलुकांची सत्ता मोडायची आणि जेरुसलेम परत मिळवायचं, ही त्या दरबारातली मोठी आस. मिरी आणि दालचिनी ही त्या वाटेवरची शिदोरी! १५१३ साली तांबड्या समुद्रात अल्बुकर्कच्या खलाशांना ॲबिसिनियाच्या दिशेला आकाशात क्रूस दिसला. त्याने तेही राजाला साग्रसंगीत कळवलं.

आता हे सगळं कुठून आलं, त्यासाठी दोन कथा सांगायला हव्यात. एक पोर्तुगालची, एक बायबलची.

पोर्तुगालची कथा ओरिकच्या लढाईची. २५ जुलै ११३९ या दिवशी, म्हणजे सेंट जेम्सच्या सणाला, पहिला राजा अफोन्सो हेन्रिक याने मुस्लिम सैन्याचा पराभव केला. पुढे सांगितलं जाऊ लागलं, की लढाईआधी त्याला क्रुसावरच्या ख्रिस्ताचं दर्शन झालं आणि 'तुझ्या वंशातून मी माझं साम्राज्य स्थापीन' असं वचन मिळालं. पोर्तुगालच्या ध्वजावर आजही ज्या पाच लहान ढाली दिसतात, त्या ख्रिस्ताच्या पाच जखमा असं सांगितलं जाई. राजाने शपथेवर लिहून ठेवलेला म्हणून या दर्शनाचा एक दस्तऐवजही निघाला. पण तो उजेडात आला लढाईनंतर साडेचारशे वर्षांनी, आल्कोबासाच्या मठात! एकोणिसाव्या शतकात इतिहासकार अलेक्झांद्र एर्कुलानो याने ही दंतकथा असल्याचं लिहिलं, तेव्हा धर्मगुरूंनी त्याच्यावर केवढा गहजब केला. राष्ट्राच्या जन्मकथेला हात लावणाऱ्याचं सगळीकडे असंच होतं.

बायबलची कथा दानिएलाच्या पुस्तकातली. नबुखद्नेस्सर राजाला स्वप्न पडतं. एक प्रचंड पुतळा, डोकं सोन्याचं, छाती रुप्याची, पोट पितळेचं, पाय लोखंडाचे आणि पावलं लोखंड व माती यांची. मग कुणाच्याही हाताने न तोडलेला एक दगड येतो, पुतळ्याचा चुरा करतो आणि स्वतः पर्वत होऊन पृथ्वी व्यापतो. चार धातू म्हणजे बाबिलोन, इराण, ग्रीस आणि रोम ही चार साम्राज्यं, असा अर्थ जुन्या काळापासून लावला जाई. मग तो दगड कोण? ख्रिस्ताचं राज्य, हे ठीक. पण ते पृथ्वीवर केव्हा आणि कुणाच्या हाताने येणार? या प्रश्नावर सतराव्या शतकात किती लोकांनी आयुष्य वेचलं! लंडनमध्ये 'पाचव्या राज्याचे लोक' म्हणवणारा एक पंथच होता. त्यातल्या थॉमस व्हेनरने जानेवारी १६६१ मध्ये मूठभर माणसं घेऊन रस्त्यांवर बंड केलं. आम्सटरडॅमचे ज्यू धर्मगुरू मेनासे बेन इस्राएल यांनी याच दगडावर ग्रंथ लिहिला आणि त्यासाठी रेम्ब्रांटने चित्रं कोरून दिली. इंग्रजाला त्या दगडात इंग्लंड दिसलं, ज्यूला इस्राएल. पोर्तुगीजाला अर्थातच पोर्तुगाल.

तर अशा देशात २० जानेवारी १५५४ ला, सेंट सेबॅस्टियनच्या सणाच्या दिवशी, एक राजपुत्र जन्मला. सणावरूनच त्याचं नाव सेबास्तियांव ठेवलं. गादीला दुसरा वारस नव्हता, त्यामुळे हे मूल देवाने दिलेलं ही भावना पाळण्यापासूनच होती. त्यालाही ती पटली. चोविसाव्या वर्षी तो मोरोक्कोवर चालून गेला आणि ४ ऑगस्ट १५७८ ला अल्कासर किबीरच्या रणात सैन्यासह संपला. दोन वर्षांत पोर्तुगाल स्पेनच्या राजाकडे गेलं. राजा मेला हे लोकांनी मानलंच नाही. तो लपला आहे, एके दिवशी धुक्यातून परत येईल, असं घरोघरी बोललं जाऊ लागलं. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया आपल्याकडे निघाला, हे आपल्याला ठाऊक आहे. पोर्तुगालात सेबास्तियांवचे तोतये एकामागून एक चार निघाले.

या आशेला शब्द मिळाले ते एका चांभाराचे. त्रांकोझो गावचा गोन्सालो बांदार्रा. हा माणूस सेबास्तियांवच्या जन्माआधीचा. जोडे शिवता शिवता बायबल ऐकायचा आणि दानिएल वगैरे संदेष्ट्यांच्या धर्तीवर 'गुप्त राजा'ची पदं रचायचा. १५४१ मध्ये इन्क्विझिशनने त्याला पकडून पुन्हा शास्त्रार्थ न करण्याची ताकीद दिली. पदं मात्र हातोहात फिरत राहिली. १६०३ मध्ये पॅरिसला ती प्रथम छापली, ती दों जुआंव द कास्त्रो याने. गोव्याचा प्रसिद्ध व्हाइसरॉय जुआंव द कास्त्रो याचा हा नातू. सेबास्तियांव जिवंत आहे यावर त्याची अढळ श्रद्धा होती.

मग १६४० च्या १ डिसेंबरला लिस्बनमध्ये उठाव झाला, स्पेनची सत्ता गेली आणि ब्रागांसाचा ड्यूक जुआंव हा चौथा जुआंव म्हणून राजा झाला. बांदार्राच्या पदांत 'चाळीस' सालाचा उल्लेख होता, तो लगेच जुळला. पण राजाचं नाव? आधीच्या पाठात तिथे 'फुआंव' असा शब्द होता. त्याचा अर्थ 'अमुक एक'. १६४४ मध्ये फ्रान्समधल्या नांत शहरी नवी आवृत्ती निघाली, तिच्यात तो 'जुआंव' झाला. एका अक्षराचा फरक! ही आवृत्ती काढायला पुढाकार घेणारा फ्रान्समधला पोर्तुगीज वकील वास्को द गामाचा वंशज होता. गोव्याचे व्हाइसरॉय आणि हिंदुस्थानचा मार्ग शोधणारे यांचीच घराणी या भविष्याची राखण करत होती, याचं मला नवल वाटत नाही. साम्राज्य हातचं निसटताना ते सर्वांत आधी त्यांनाच दिसत असणार.

इथे या कथेचा खरा नायक येतो, फादर आंतोनियो व्हिएरा. १६०८ मध्ये लिस्बनला जन्म, लहानपणीच ब्राझीलला गेले, बाईयात जेझुइट झाले. पोर्तुगीज गद्याचे ते सम्राट मानले जातात. १६४१ मध्ये नव्या राजाला ब्राझीलची निष्ठा कळवायला आलेल्या मंडळींबरोबर ते लिस्बनला आले आणि १ जानेवारी १६४२ ला, नव्या वर्षाच्या सणाला, राजाच्या चॅपेलमध्ये त्यांनी प्रवचन केलं. त्याचा आशय असा, की सुटका भाकीत केल्याप्रमाणे झाली, म्हणजे भाकितातलं उरलेलंही होणार. हे तर्काचं यंत्र एकदा सुरू झालं की थांबत नाही, हे लक्षात ठेवा.

राजा जुआंव १६५६ मध्ये वारला. उरलेलं झालं नव्हतं. १६५९ मध्ये ॲमेझॉनच्या अरण्यातल्या मिशनमधून व्हिएरांनी जपानचे नियुक्त बिशप आंद्रे फर्नांदिश यांना एक लांबलचक पत्र लिहिलं. त्यातला युक्तिवाद असा. बांदार्रा खरा संदेष्टा आहे. बांदार्राने सांगितलं की जुआंव राजा अमुक अमुक गोष्टी करील. त्या गोष्टी त्याने जिवंतपणी केल्या नाहीत आणि पुन्हा उठल्याशिवाय करता येणार नाहीत. म्हणून जुआंव राजा मेलेल्यांतून उठणार! पायरीवर पायरी चोख बसली आहे, फक्त पहिली पायरी हवेत आहे. मग हा उठलेला राजा तुर्कांना जिंकणार, हरवलेले ज्यू वंश परत येणार, सगळं जग एका कळपात येणार आणि पाचवं साम्राज्य सुरू होणार. साल १६६६ च्या सुमाराचं.

आपल्या किनाऱ्यावर त्या वेळी काय चाललं होतं? मलाक्का १६४१ मध्येच डचांनी घेतलं होतं. गोव्याच्या नदीमुखाशी डच आरमार वर्षानुवर्षं ठाण मांडून बसत असे. पत्र लिहिण्याच्या आदल्याच वर्षी सिलोन पूर्ण गेलं. १६६३ मध्ये कोचीन गेलं. १६६१ च्या तहात मुंबई इंग्लंडच्या राजाला हुंड्यात लिहून दिली. जगाचं साम्राज्य येणार म्हणून कागद भरत होते आणि इकडे एकेका किल्ल्यावरचं निशाण उतरत होतं. हे विसंगत वाटतं खरं. पण अशा भाकितांना बहर येतो तो पडत्या काळातच.

व्हिएरांना मात्र नुसतं भ्रमिष्ट म्हणून बाजूला सारू नये, असं माझं मत आहे. त्यांच्या अखेरच्या काळात ज्यूंना जागा होती, अरण्यातल्या इंडियनांना जागा होती. ब्राझीलच्या वसाहतवाल्यांनी इंडियनांना गुलाम करू नये म्हणून ते भांडले आणि १६६१ मध्ये त्याच वसाहतवाल्यांनी त्यांना मारान्यांवमधून हाकलून दिलं. ज्यूंमधून ख्रिस्ती झालेल्या घराण्यांचा छळ थांबवा, त्यांचं भांडवल व्यापारी कंपनीत घ्या, हे त्यांनी राजाला निक्षून सांगितलं होतं. इन्क्विझिशनने हे विसरायचं नाकारलं. राजाच्या पुनरुत्थानाचं ते पत्र हाती लागताच खटला उभा राहिला. ऑक्टोबर १६६५ ते डिसेंबर १६६७ ते कोइंब्राला कैदेत होते. म्हणजे ज्या १६६६ ची त्यांनी वाट पाहिली, ते अख्खं वर्ष त्यांनी कोठडीत काढलं. जानेवारी आला, डिसेंबर गेला, आणि राजा काही उठला नाही.

पुढे सुटका झाली, रोमला जाऊन त्यांनी पोर्तुगालच्या इन्क्विझिशनविरुद्ध पोपचे कान भरले, १६७४ मध्ये पोपने तिचं काम काही वर्षं थांबवलंही. पण भाकीत सुटलं नाही. फक्त राजा बदलत गेला. ऑगस्ट १६८८ मध्ये राजाला मुलगा झाला. बातमी समुद्र ओलांडून बाईयाला पोचली आणि डिसेंबरमध्ये ऐंशी वर्षांच्या व्हिएरांनी कृतज्ञतेचं प्रवचन केलं, की ज्याची वाट पाहत होतो तो हाच. ते मूल जेमतेम अठरा दिवस जगलं होतं. व्हिएरा व्यासपीठावर उभे होते तेव्हा त्याला जाऊन तीन महिने होत आले होते. ती बातमी मागच्या जहाजावर होती. ती आल्यावर त्यांनी समर्थनाचा एक वेगळा निबंध लिहिला. बाळ स्वर्गात राज्य करायला गेलं आणि पृथ्वीवरचं राज्य पाठच्या भावाचं, असा त्याचा मथितार्थ. मला हे वाचताना हसू येत नाही. १६९७ मध्ये ते गेले तेव्हा त्यांचा 'संदेष्ट्यांची किल्ली' हा लॅटिन ग्रंथ अपुराच होता. त्याचं हरवलेलं मूळ हस्तलिखित रोममध्ये मिळाल्याचं २०२२ मध्ये संशोधकांनी जाहीर केलं.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे परत येतो. घरी आल्यावर मी एक उद्योग केला. २५ नोव्हेंबर या दिवशी आणखी काय काय घडलं, ते माझ्या टिपणांतून काढत बसलो. पहिलीच गोष्ट हाती लागली ती अशी. चौथ्या जुआंवची, म्हणजे व्हिएरा ज्याला उठवू पाहत होते त्याच राजाची मुलगी २५ नोव्हेंबर १६३८ रोजी जन्मली. सणावरून तिचं नाव कॅथरिन ठेवलं. ही तीच कॅथरिन ऑफ ब्रागांसा, जिच्या लग्नात मुंबई गेली. एका कॅथरिनच्या दिवशी गोवा आला आणि त्याच दिवशी जन्मलेल्या कॅथरिनपायी मुंबई गेली! खरं सांगतो, अंगावर शहारा आला. मी आणखी शोधू लागलो.

आणि सापडलं. १६८३ मध्ये व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला. संभाजी महाराज येताच त्याला माघार घ्यावी लागली. मग २४ नोव्हेंबरच्या रात्री, ओहोटीची वेळ साधून, चाळीसेक मराठे मांडवीतल्या जुवे बेटावर उतरले आणि तिथला किल्ला त्यांनी घेतला. जुवे म्हणजे राजधानीच्या दारातलं बेट. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हाइसरॉय चारशे माणसं घेऊन ते सोडवायला गेला आणि सपाटून मार खाऊन, जीव वाचवून परतला. तो दिवस २५ नोव्हेंबर. ज्या दिवशी अल्बुकर्क वेशीतून आत शिरला, नेमका तोच सण. याच धुमश्चक्रीत महाराजांचा घोडा भरतीच्या पाण्यात शिरला आणि खंडो बल्लाळांनी त्यांना वाचवलं, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो.

१५१०, १६३८, १६८३. मी व्हिएरा असतो तर यावर प्रवचन रचलं असतं आणि मराठ्यांचा भाट असतो तर पोवाडा. दोन्ही उत्तम जमले असते. पण माझ्या टिपणांत पोर्तुगीजांच्या जय-पराजयांच्या शेकडो तारखा होत्या. त्यांतल्या ज्या २५ नोव्हेंबरला नव्हत्या त्या मी न वाचताच उलटत होतो, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं. चॅपेलच्या शिलालेखाचंही असंच आहे. १६८३ च्या कॅथरिनच्या दिवसाचा त्यावर उल्लेख नाही.

त्या वर्षी पोर्तुगीजांनी आधार शोधला तो दुसऱ्या संताचा. परंपरा सांगते, की शहर वाचत नाही असं दिसल्यावर व्हाइसरॉय मिरवणुकीने बॉम जेझूसमध्ये गेला आणि फ्रान्सिस झेव्हियरच्या शवपेटीपाशी त्याने आपला अधिकारदंड ठेवला. आता शहर तूच सांभाळ, असं म्हणून. झेव्हियरचा सण ३ डिसेंबरचा, म्हणजे अगदी त्याच दिवसांतला. मराठे माघारी गेले आणि गोव्यात तो झेव्हियरचा चमत्कार ठरला. 'गोंयचो सायब' या नावामागे इतर कारणांबरोबर ही आठवणही आहे. पांडुरंग पिसुर्लेकरांसारख्यांनी पोर्तुगीज दप्तरं वाचून या मोहिमेचा जो तपशील मराठीत आणला, त्यात कारण जमिनीवरचं आहे. औरंगजेबाचा मुलगा शाह आलम मोठी फौज घेऊन रामघाटाने कोकणात उतरत होता आणि दोन शत्रूंच्या मध्ये सापडायचं नाही म्हणून महाराज मागे वळले. ज्या मोगली फौजेमुळे गोवा वाचला, तिला पुढे उपासमारीत घाट चढून परत जावं लागलं. तिच्या नावाने गोव्यात कुणी मेणबत्ती लावत नाही.

कोंद द आल्व्होरचं मात्र मला कौतुक वाटतं. संतापुढे दंड ठेवला, आभार मानले, सगळं यथासांग केलं. आणि १६८४ साल उजाडताच त्याने प्रस्ताव मांडला, की ही राजधानी इथून उचलून मुरगावला न्यावी. तिथे तट बांधायला जागा बरी आहे.